‘हा कसला हीरो?’ : नववीत ओडिसी वाचणाऱ्या मुलीच्या आईला

प्रश्न थोडक्यात असा: ‘माझी मुलगी अमेरिकेत नववीत शिकते. इंग्रजीच्या तासाला होमरची ओडिसी (ट्रॉयच्या युद्धानंतर दहा वर्षं भटकत इथाका बेटावर घरी परतणाऱ्या ओडिसियस राजाचं प्राचीन ग्रीक काव्य) चालू आहे आणि ‘ओडिसियस हीरो आहे का?’ यावर निबंध लिहायचा आहे. ती चिडून म्हणते, हा माणूस पदोपदी खोटं बोलतो, बायको घरी वाट बघत असताना दुसऱ्या दोघींकडे राहतो, बरोबरची सगळी माणसं गमावतो, आणि याला हीरो म्हणायचं? मी स्वतः कॉमर्सची, मराठी माध्यमातली. तिला काय सांगू? कुठलं भाषांतर घेऊ? पुस्तक जाडजूड आहे, सारांश वाचून भागेल का? आणि आपल्या रामायण-महाभारताशी तुलना केलेली चालेल का?’

ताई, आधी मुलीची पाठ थोपटा. मी एकोणीस वर्षं अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये नववीला हेच पुस्तक शिकवते आहे. मला धास्ती असते ती न चिडणाऱ्या मुलांची. ‘ओडिसियस शूर, हुशार आणि निष्ठावान आहे, म्हणून तो हीरो आहे’ असं पहिल्याच वाक्यात लिहून मोकळी झालेली मुलं पुढचे चार परिच्छेद नुसती भरताड करतात. चिडलेल्या मुलाने निदान काहीतरी वाचलेलं असतं.

तिचा राग नवाही नाही. इसवी सनापूर्वी ४०९ साली ग्रीक नाटककार सोफोक्लिसने ‘फिलोक्टेटीस’ हे नाटक रंगभूमीवर आणलं. त्यातला ओडिसियस एका कोवळ्या पोराला शिकवतो, की आजारी फिलोक्टेटीसशी गोड खोटं बोल आणि त्याचं धनुष्य काढून घे. रोमन कवी व्हर्जिलने त्याला क्रूर म्हटलं. इटालियन कवी दांतेने तर त्याला थेट नरकात टाकलं, सव्विसाव्या सर्गात, ज्वाळेत गुंडाळून. तेव्हा मुलीला सांगा की तिच्या बाकावर बरीच मोठी माणसं आधीच बसलेली आहेत.

आता ‘हीरो’ या शब्दाचा घोळ. आज हीरो म्हटलं की आपल्याला आदर्श माणूस हवा असतो. होमरच्या ग्रीकमध्ये ‘हिरोस’ हा त्या जुन्या पिढीतल्या माणसांना लावायचा मानाचा शब्द आहे. आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस यालाही तो लावलाय, आणि अठराव्यात तर मद्यात पाणी मिसळून देणाऱ्या एका भालदारालाही. पुढच्या काळात ग्रीक लोक हीरोंच्या थडग्यांवर नैवेद्य दाखवत, तेव्हाही त्या माणसाने सज्जन असण्याची अट नव्हती. आपल्याकडे गावाबाहेरच्या देवळाजवळ वीरगळ असतो ना, तसं काहीसं. वीरगळीवरच्या माणसाकडे कोणी चारित्र्याचा दाखला मागत नाही. तो लढला, पडला, गावाने दगड उभा केला. निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात मुलीने ‘मी हीरो हा शब्द कुठल्या अर्थाने घेते आहे’ एवढं दोन वाक्यांत स्पष्ट केलं, तरी ती अर्ध्या वर्गाच्या पुढे गेली.

पण या आडोशाला लपायचं नाही हं. ‘त्या काळी सगळं चालायचं’ हे वाक्य मी दरवर्षी लाल पेनाने खोडते. त्या काळी सगळं चालत नव्हतं. चोविसाव्या सर्गात, म्हणजे अगदी शेवटी, मारल्या गेलेल्या एका तरुणाचा बाप गावकऱ्यांपुढे उभा राहतो आणि रडत म्हणतो, की या माणसाने आमची चांगली पोरं जहाजांत भरून नेली, जहाजं घालवली, पोरं घालवली, आणि परत येऊन आमच्यातली जी उत्तम होती तीही कापून काढली. वाचा हे तिला मोठ्याने. तिचाच आरोप आहे, होमरने स्वतःच काव्यात घालून ठेवलाय, आणि अर्ध्याहून जास्त गाव तो ऐकून शस्त्रं घ्यायला धावतं. ज्या काव्याला आपल्या नायकाबद्दल एवढी शंका आहे, त्याला ‘शूर आणि निष्ठावान’ची शिफारसपत्रं कशाला?

भाषांतराचं आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मूळ काव्य चोवीस सर्गांचं, बारा हजारांच्या थोडं वर ओळींचं. ग्रीसमधली मुलंसुद्धा शाळेत ते आजच्या ग्रीकमधल्या भाषांतरातूनच वाचतात, जिम्नॅसियोच्या, म्हणजे तिथल्या माध्यमिक शाळेच्या, पहिल्या वर्षी, साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी. त्यामुळे ‘आम्ही काय, भाषांतरच वाचणार’ असा न्यूनगंड नको. अमेरिकेतल्या शाळांत बहुधा रॉबर्ट फिट्झेराल्ड (१९६१), रॉबर्ट फेगल्स (१९९६) किंवा एमिली विल्सन (२०१७) यांपैकी एक असतं. विल्सन ही ओडिसी इंग्रजीत आणून प्रसिद्ध करणारी पहिली बाई. तिने मुळाइतक्याच ओळी ठेवल्यात, भाषा आजची आहे, वाक्यं छोटी आहेत. शाळेने दिलेलं कुठलंही असो, घरी वाचनालयातून विल्सन आणा. तुम्हालाही झेपेल. कॉमर्सवाल्या आईला कविता कळत नाही हा समज कोणी पसरवलाय कोण जाणे.

दोन भाषांतरं शेजारी ठेवली की काय होतं, याचं एक उदाहरण देते. पहिल्याच ओळीत ओडिसियसला एक विशेषण आहे, ‘पॉलिट्रोपोस’. शब्दशः ‘अनेक वळणांचा’. वळणं त्याच्या प्रवासाची की त्याच्या डोक्यातली, हे ग्रीक शब्द मुद्दाम सांगत नाही. फिट्झेराल्ड त्याला झुंजीच्या सगळ्या कलांत तरबेज करतो. फेगल्स वळणं-आडवळणं ठेवतो. विल्सन म्हणते ‘कॉम्प्लिकेटेड’. त्या एका शब्दावरून लोकांनी तिच्याशी वाद घातले. मी वर्गात हे तिन्ही फळ्यावर लिहिते आणि मनातल्या मनात मराठीला दाद देते, कारण आपल्याकडे तयार माल आहे: बारा गावचं पाणी प्यायलेला. भटकंतीही आली, बनेलपणाही आला, आणि बोलणारा कौतुक करतोय की सावध करतोय हे सुरावरून ठरवायचं. मुलीला मराठी समजत असेल तर ही एक ओळ तिला सांगाच. तिच्या शिक्षकांना हे ठाऊक नसणार. निबंधात तिने हे स्वतःच्या शब्दांत मांडलं तर तो मजकूर दुसऱ्या कोणाकडून आलेला नाही हे लगेच कळेल.

आता तिच्या आरोपांकडे वळू.

खोटं बोलतो, हे खरं आहे. पण कोणाशी, कधी आणि कशासाठी, ते बघायला सांगा. शाळेत सगळ्यांत जास्त वाचला जातो तो नववा ते बारावा सर्ग: एकडोळ्या पॉलिफिमस, माणसांची डुकरं करणारी सर्सी, गाणाऱ्या सायरेन, सहा तोंडांची सिला. मुलांना हेच आवडतं, पोस्टरंही याचीच होतात. आणि जवळजवळ कोणाच्या लक्षात येत नाही की हे चारही सर्ग होमर सांगत नाहीये. ते ओडिसियस स्वतः सांगतोय, फीआशियन लोकांच्या राजवाड्यात, जेवणानंतर. तो तिथे नागवाउघडा, लाटांनी फेकलेला येऊन पडलेला आहे आणि त्याला घरी सोडायला जहाज हवंय. अकराव्या सर्गात तो मध्येच थांबतो, आता झोपतो म्हणतो. लगेच राणी म्हणते, याला आणखी भेटी द्या. राजा म्हणतो, उद्यापर्यंत थांब, आणखी गोळा करतो. ओडिसियस काय म्हणतो? चांगल्या भेटी देणार असाल तर मी वर्षभरसुद्धा थांबेन. आणि राजा त्याला सर्टिफिकेट देतो, की तू काही थापाड्या वाटत नाहीस, एखाद्या गायकासारखं सांगतोस. माझ्या वर्गात या जागी नेहमी कोणीतरी मोठ्याने हसतं. त्या मुलाला मी तिथेच पूर्ण गुण देऊन टाकावेत असं वाटतं.

म्हणजे सगळ्या थापा का? नाही. पॉलिफिमसचा डोळा फोडल्याचं पहिल्या सर्गात खुद्द देवांचा राजा झ्यूस बोलतो, सूर्यदेवाच्या गाई खाल्ल्याचं प्रस्तावनेतच आहे. पण तपशील, आणि त्यात स्वतःला कुठे उभं केलंय, ते सगळं त्याचं. ही गोष्ट कोण सांगतंय हा प्रश्न एकदा विचारला की मग निबंध आपोआप ‘हो की नाही’च्या पलीकडे जातो.

माणसं गमावली, हा आरोप जरा जवळून बघण्यासारखा आहे. काव्य सुरू होताना कवी सांगतो, की त्याने साथीदारांना वाचवायची धडपड केली, पण ते आपल्या मूर्खपणाने मेले, सूर्याच्या गाई खाल्ल्या म्हणून. आता हिशेब मांडा, तुम्ही कॉमर्सच्या आहात. ट्रॉयहून निघताना त्याच्याकडे बारा जहाजं होती. त्यातली अकरा लेस्ट्रिगोनियन नावाच्या राक्षसी लोकांनी एका बंदरात दगड टाकून फोडली, माणसं माशांसारखी भोसकून नेली. हे सगळं गाईंच्या प्रकरणाच्या कितीतरी आधी. म्हणजे बहुसंख्य साथीदारांनी त्या गाईंचं शेपूटही पाहिलं नव्हतं. मग बारावं जहाज वाचलं कसं? दहाव्या सर्गात एक साधं वाक्य आहे: सगळ्यांनी जहाजं बंदराच्या आत बांधली, मी माझं एकट्याचं बाहेर, टोकाच्या खडकाला बांधलं. का, ते सांगत नाही. धोका दिसला होता तर इतरांना बोलला का नाही? मी या एका वाक्यावर आख्खा तास घेते. जमाखर्च जुळत नाही, आणि न जुळणारी रक्कम कुठे आहे ते दाखवणं हाच चांगला निबंध.

पॉलिफिमसच्या गुहेत तो का थांबला हेही वाचा. माणसं म्हणत होती, चीज घेऊ, कोकरं घेऊ आणि पळू. यालाच त्या राक्षसाला बघायचं होतं, आणि पाहुणा म्हणून भेट मिळते का तेही. सहाजण खाल्ले गेले. ‘माझं नाव कोणीच नाही’ ही युक्ती तर सगळ्यांना पाठ असते. पण सुटून जहाजात बसल्यावर, साथीदार हातापाया पडत असताना, तो किनाऱ्याकडे ओरडून खरं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव सांगतो. पॉलिफिमसला शाप द्यायला नेमका पत्ता मिळतो आणि त्याचा बाप, समुद्रदेव पोसायडन, याचा कोप मागे लागतो. ‘कोणीच नाही’ होऊन जीव वाचला, आणि कोणीतरी असल्याशिवाय राहवलं नाही म्हणून दहा वर्षं गेली.

दुसऱ्या दोघींकडे राहिला, हेही तितकं सरळ नाही. सर्सीकडे तो वर्षभर मजेत राहिला, साथीदारांनी आठवण करून द्यावी लागली की बाबा, घरी जायचंय. इथे त्याची बाजू घेता येत नाही आणि मी घेतही नाही. कॅलिप्सोकडची सात वर्षं वेगळी. पाचव्या सर्गात आपल्याला नायक पहिल्यांदा दिसतो तो तिच्या बेटावर, किनाऱ्यावर बसून रडताना. लक्षात घ्या, चार सर्ग त्याची नुसती चर्चा चालते आणि पडदा उघडतो तो रडणाऱ्या माणसावर. रात्री तिच्याजवळ झोपायचा तो ‘नाइलाजाने, इच्छा असलेलीच्या शेजारी इच्छा नसलेला’, अशा अर्थाचे शब्द आहेत. पण त्याच्या जराच आधी एक बारीक शब्द आहे: ती अप्सरा त्याला ‘आता’ आवडेनाशी झाली होती. आता! म्हणजे कधीतरी आवडत होती. होमर एका अव्ययात सात वर्षांचं लग्न सांगून जातो. कॅलिप्सो त्याला अमरत्व देऊ करते, तेव्हा तो कबूल करतो की माझी बायको पेनेलपी तुझ्याइतकी सुंदर नाही, तीही म्हातारी होणार, तरी मला घरीच जायचंय.

इथे मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शाळेने दिलेल्या पाठ्यपुस्तकातून शिकवत होते. त्यात निवडक भाग होते आणि भिंतीवर ‘हीरोचा प्रवास’ नावाचा बारा चौकटींचा तक्ता होता: साहसाची हाक, गुरूची भेट, कसोटी, बक्षीस, घरवापसी. मुलांनी ओडिसियसला त्या चौकटींत भरायचं. छान भरला जायचा. वर्षाच्या शेवटी एक मुलगी भावाची कॉलेजातली प्रत घेऊन आली, बाविसावा सर्ग उघडला आणि म्हणाली, मॅम, या बायका कोण? मला उत्तर देता येईना. आमच्या पुस्तकात ते पान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोवर मीही आख्खी ओडिसी सलग वाचलेली नव्हती.

त्या पानावर काय आहे ते सांगते. पेनेलपीशी लग्न करायला टपलेले, घर खाऊन बसलेले एकशे आठ तरुण ओडिसियसने आणि त्याच्या मुलाने मारून टाकलेत. मग तो म्हाताऱ्या दाईला विचारतो, घरातल्या पन्नास दासींपैकी कोण कोण त्यांच्याबरोबर झोपत होत्या? बारा, ती सांगते. त्या बारा जणींना आधी मुडदे बाहेर काढायला लावतात, स्पंजने टेबलं-खुर्च्या पुसायला लावतात, आणि मग टेलेमाकस, वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, त्यांना जहाजाच्या दोरखंडावर एका ओळीत लटकवतो. घरट्याकडे परतताना जाळ्यात सापडलेल्या पारव्यांसारख्या, असं कवी म्हणतो. पाय जरा वेळ तडफडले, फार वेळ नाही. बस, एवढीच ओळ.

त्या गुलाम होत्या. नाही म्हणायची सोय किती होती, हे काव्य विचारत नाही, तुमची मुलगी विचारू शकते. आणि इथे पुन्हा भाषांतर आडवं येतं: फाशी देण्याआधी टेलेमाकस बोलतो, तिथे जुन्या काही इंग्रजी भाषांतरांत त्यांना शिवी आहे. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी शिवी नाही, नुसतं स्त्रीलिंगी ‘त्या, ज्यांनी’ असं सर्वनाम आहे. शिवी भाषांतरकारांची. विल्सन तिथे ‘मुली’ म्हणते. दुसऱ्या वर्षीपासून मी तो तक्ता भिंतीवरून काढला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे, तीच तुम्हालाही सांगते: राक्षस कमी वाचा, घर जास्त वाचा. चोवीसपैकी बारा सर्ग, बरोबर निम्मं काव्य, तो इथाकाच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतरचं आहे. शाळा ते दोन तासांत उरकते. आणि हा हीरो आहे की कोण, हे उघडं पडतं ते तिथेच, कारण तिथे प्रश्न असा आहे की वीस वर्षांनी, भिकाऱ्याच्या वेशात आलेल्या माणसाला ओळखायचं कोणी आणि कशावरून.

पहिला ओळखतो कुत्रा. आर्गस, दाराबाहेर शेणाच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेला. शेपूट हलवतो, कान पाडतो, जवळ यायचं त्राण नसतं. ओडिसियस तोंड फिरवून डोळा पुसतो, सोबतच्या माणसाला दिसू नये म्हणून. कुत्रा मरतो. मग म्हातारी दाई, पाय धुताना मांडीवरच्या व्रणावर तिचा हात जातो, पाय सुटतो, पितळी घंगाळ कलंडतं, पाणी सांडतं. ती आनंदाने बोलणार एवढ्यात हा तिचा गळा धरतो: बोललीस तर तुलाही मारीन. जिने दूध पाजून वाढवला तिचा गळा. हळवेपणा आणि हिशेबीपणा एकाच माणसात किती जवळजवळ नांदतात, ते मुलीला या दोन प्रसंगांतून दिसेल.

त्याच रात्री तो पेनेलपीसमोर बसून, मी क्रीटचा अमुक, तुझ्या नवऱ्याला भेटलो होतो, अशी रचून कहाणी सांगतो. ती रडते. डोंगरावरचं बर्फ वितळून नद्या भराव्यात तसं तिचे गाल वाहतात. आणि तिचा नवरा, जो समोरच बसलाय, त्याचे डोळे शिंगाचे किंवा लोखंडाचे असावेत तसे स्थिर. आतून त्याला दया येतेय हेही कवी सांगतो. या एका प्रसंगावर पाच परिच्छेद सहज होतात, दुसरं काही लागत नाही.

आणि मग तेविसावा सर्ग. सगळ्यांना वाटतं ओडिसियस हुशार. त्याच्यावर मात करणारी एकच व्यक्ती या काव्यात आहे, ती त्याची बायको. समोर आलेला माणूस खरंच नवरा आहे का, हे तिला पारखायचंय. ती दाईला सहज म्हणते, यांचा पलंग खोलीबाहेर काढून अंथरूण घालून द्या. ओडिसियस उसळतो: पलंग कोणी हलवला? तो हलूच शकत नाही, जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा बुंधा तासून मी स्वतः त्याचा खूर केलाय, त्याभोवती खोली बांधलीय! झालं. आयुष्यभर थापा मारणारा माणूस एका थापेत पकडला गेला, आणि तोंडून खरं निघालं. पेनेलपीचे पाय लटपटतात. बुडणाऱ्या खलाशांना जमीन दिसावी तसा तिला तो वाटला, असं होमर म्हणतो. समुद्रात बुडत आला तो, आणि उपमा मात्र तिला दिली आहे. अशीच उलटापालट आठव्या सर्गात आहे. तिथे गायक ट्रॉयच्या पाडावाचं गाणं म्हणतो आणि ओडिसियस रडतो, कसा? लढाईत पडलेल्या नवऱ्याला मिठी मारून रडणाऱ्या, पाठीत भाले टोचून गुलामीत नेल्या जाणाऱ्या बाईसारखा. ट्रॉयच्या बायकांची ती अवस्था केली कोणी? यानेच. कवीने त्याला त्यांच्या जागी बसवून रडवलंय, आणि वर एक शब्द बोललेला नाही.

रामायण-महाभारताशी तुलना करू का, असं तुम्ही विचारलंत. करा, पण ‘ओडिसियस म्हणजे ग्रीकांचा राम’ असं नको. दर दोन-तीन वर्षांनी एखादं भारतीय मूल असं लिहितं आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकतं, कारण धनुष्य आणि वनवास सोडला तर पुढे काही जुळत नाही. मर्यादा पाळणं ही याची ख्याती नव्हे. तुलनाच हवी तर नल-दमयंती घ्या. नवरा बाहुक नावाने सारथी होऊन आलाय, दमयंती दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते, दासीला पाळतीवर ठेवते, त्याच्या हातचं रांधलेलं मागवून चव घेते. तीही पारखते, पेनेलपीही पारखते. फरक कुठे आहे ते मुलीला शोधू द्या. आणि लाकडी घोड्याच्या पोटात माणसं लपवून ट्रॉयमध्ये शिरण्याची ओडिसियसची युक्ती तिला ‘चीटिंग’ वाटत असेल तर शाएस्ताखानावर लाल महालात रात्री घातलेला छापा आठवून बघा म्हणावं. गनिमी कावा हा शब्द आपण कौतुकाने उच्चारतो. कावा आपला असला की युक्ती, दुसऱ्याचा असला की कपट, हे ट्रॉयच्या लोकांनाही तसंच वाटत असणार. (जाता जाता: घोड्याची गोष्ट ओडिसीत आहे, ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या दुसऱ्या काव्यात, इलियडमध्ये, नाही. परीक्षेत हमखास चुकतं.)

सारांशाचं म्हणाल तर घटनाक्रमासाठी वाचू दे, त्यात पाप नाही. पण सारांशात तो ‘आता’ नसतो, बंदराबाहेर बांधलेलं जहाज नसतं, शिंगाचे डोळे नसतात. निबंध लिहायचा तो त्यांवर. तिच्याकडे वेळ थोडा असेल तर पाचवा, नववा, सतरावा, एकोणिसावा, बाविसावा आणि तेविसावा, एवढे सर्ग पूर्ण वाचायला सांगा. मोठ्याने वाचा, आळीपाळीने. हे काव्य ऐकण्यासाठीच होतं. ‘गुलाबी बोटांची पहाट’ पुन्हा पुन्हा येते म्हणून मुलं कंटाळतात. त्यांना सांगायचं की गाणाऱ्याला पुढची ओळ सुचेपर्यंत टेकायला अशा तयार ओळी लागतात, शाहिराला जी जी लागतं तसं. १९३३ ते १९३५ दरम्यान मिल्मन पॅरी नावाच्या संशोधकाने युगोस्लाव्हियात जाऊन लिहिता-वाचता न येणाऱ्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ही रीत जिवंत दाखवून दिली. त्यातल्या एकाने बारा हजारांहून जास्त ओळींचं काव्य तोंडी सांगितलं होतं, म्हणजे जवळपास एक ओडिसीच.

वर दिलेल्या यादीत चोविसावा सर्ग मी घातला नाही, कारण तो तुम्ही दोघींनी मिळून वाचावा असं मला वाटतं. ओडिसियस म्हाताऱ्या बापाला भेटायला मळ्यावर जातो. लेर्टीस ठिगळं लावलेल्या कपड्यांत, हातात मोजे घालून एका रोपाला आळं करतोय. आता घरात शत्रू कोणी उरलेला नाही, वेश बदलायचं कारण नाही, तरी हा पठ्ठ्या बापालाही आधी एक रचलेली गोष्ट सांगतो. म्हातारा मातीच्या मुठी डोक्यावर घालून घेतो तेव्हा कुठे याला राहवत नाही. मीच तो, म्हणतो. बाप म्हणतो, खूण दाखव. हा व्रण दाखवतो, आणि मग बाग दाखवतो: लहानपणी तुमच्या मागे मागे फिरताना मी एकेका झाडाचं नाव विचारत होतो, आणि तुम्ही मला दिली होतीत नासपतीची तेरा झाडं, सफरचंदाची दहा, अंजिराची चाळीस, आणि द्राक्षाच्या पन्नास ओळी देईन म्हणाला होतात. हे वाचून झालं की तिला निबंधाला बसवा.